पेपर छापून झाला, मग चूक सापडली

मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या वाचक-मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देते.

पीएच.डी.साठी त्यांनी तालुक्यातल्या ४० विहिरी आणि बोअरचं पाणी तपासलं. नायट्रेटची तपासणी कॉलेजात होत नव्हती, म्हणून तेवढी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेतली. सर्वांत मोठा आकडा आला लिटरला २६ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५. त्यामुळे ‘सर्व स्रोत नायट्रेटच्या दृष्टीने सुरक्षित’ असा निष्कर्ष लिहिला गेला आणि तीन वर्षांपूर्वी एका जर्नलमध्ये तो संशोधनाचा पेपर छापून आला. पहिलं नाव त्यांचं, पत्रव्यवहाराचे लेखक, म्हणजे जर्नल आणि वाचक ज्यांना लिहितात ते, म्हणून गाईडचं आणि तिसरं विभागप्रमुखांचं. विभागप्रमुखांनी पेपर वाचलाही नव्हता. थीसिसमध्येही तोच तक्ता आहे.

यंदा त्यांच्या एम.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याने प्रोजेक्टसाठी त्यातल्याच तीन विहिरींचं पाणी तपासलं, तर आकडे जवळजवळ चौपट आले. त्यांनी जुनी फाईल उघडली. प्रयोगशाळेच्या अहवालात रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘नायट्रोजनच्या रूपात’ असं लिहिलेलं होतं. पुन्हा हिशेब केला तेव्हा ४० पैकी १७ स्रोत मर्यादेच्या बाहेर गेले.

गाईडना सांगितल्यावर ते म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. तो पेपर वाचलाय कुणी? पुढच्या वर्षी तुझी कॅसची (पदोन्नतीची) फाईल जायची आहे, आता हे उकरू नकोस.”

पत्राचा शेवट त्यांच्याच शब्दांत: “सरांनी मला हात धरून शिकवलं. त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन संपादकांना लिहिलं तर ती कृतघ्नता होईल का? आणि नाही लिहिलं तर मी फसवणूक करतेय का? निकाल आले तेव्हा एका गावच्या सरपंचबाईंना मीच फोन करून सांगितलं होतं, पाणी चांगलं आहे म्हणून. ते आठवलं की झोप लागत नाही.”

*

प्रिय मैत्रीण,

सरपंचबाईंना केलेला फोन तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलात. मी तिथूनच सुरुवात करते. पेपर, संपादक, सर, कॅस हे सगळं महत्त्वाचं आहे, पण त्याला थोडा वेळ देता येईल. त्या १७ ठिकाणी मात्र लोक आजही पाणी भरत असतील.

तुम्हाला हे रसायन सांगायला नको, पण हे सदर वाचणारे सगळे रसायनशास्त्राचे नाहीत, म्हणून सांगते. नायट्रेटच्या एका रेणूचं वजन ६२, त्यातल्या नायट्रोजनचं १४. प्रयोगशाळा कधी पूर्ण नायट्रेट मोजून आकडा देतात, कधी फक्त त्यातला नायट्रोजन. दोन्हींत ४.४३ पटींचा फरक आहे. आपल्या आयएस १०५०० या मानकातली ४५ ची मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे. नायट्रोजनच्या रूपात ती साधारण १० होते. म्हणजे तुमचा २६ हा आकडा खरा ११५ च्या घरातला. ही चूक करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही आणि शेवटच्याही नाही. मी स्वतः परीक्षक म्हणून वाचलेल्या थीसिसमध्ये हा घोटाळा पाहिला आहे.

धोका कुणाला, हेही नेमकं माहीत हवं, नाहीतर गावात उगाच घबराट पसरेल. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरींच्या पाण्यात दूध कालवून पाजलेली तान्ही बाळं निळी पडताना पाहिली आणि त्याचा संबंध पाण्यातल्या नायट्रेटशी जोडला. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळांना. अंगावर पिणाऱ्या बाळांना तो फार कमी. आणि आपल्या गावांत ज्यावर सगळे विसंबतात ते दोन्ही उपाय इथे चालत नाहीत. पाणी उकळलं तर नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं.

म्हणून याच आठवड्यात एक काम करा. संपादकांचं उत्तर यायला महिने लागतील, त्याची वाट पाहू नका. त्या १७ स्रोतांची यादी गावानुसार करा. प्रत्येक ग्रामपंचायतीला एक पानी पत्र, त्याची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला, जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला. पत्रात पाणी विषारी आहे असं लिहू नका. अमुक वर्षी घेतलेल्या नमुन्यात नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त होतं, आधी कळवताना माझ्याकडून एककाची चूक झाली होती, कृपया फेरतपासणी करावी आणि तोवर तान्ह्या बाळांचं वरचं दूध या पाण्यात कालवू नये, एवढं लिहा. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई हा निरोप घरोघरी नेऊ शकतात. गावचा जलसुरक्षक नमुना घेऊ शकतो. आणि सरपंचबाईंना पत्राआधी फोन करा. त्या आता पदावर नसल्या तरी करा. तुमचा शब्द त्यांनी गावात सांगितला असेल. तो बदलल्याचं त्यांना तुमच्याच तोंडून कळायला हवं.

या पत्राला सरांची परवानगी लागत नाही. संपादकांचीही नाही. इथे तुम्ही पेपरच्या लेखिका म्हणून बोलत नाही. लोकांच्या विहिरीतून पाणी घेऊन आलेल्या आणि त्यांना एक आकडा सांगून गेलेल्या बाई म्हणून बोलता आहात.

आता तुमचे दोन प्रश्न. आधी फसवणुकीचा, कारण तो सोपा आहे.

तुमच्या या प्रश्नात चूक आणि खोटेपणा एकाच पारड्यात पडले आहेत. ते वेगळे करू या. प्रोटीनची रचना शोधणारे जेफ्री चँग हे अमेरिकेतले नावाजलेले शास्त्रज्ञ. २००१ पासून त्यांनी पेशीच्या पडद्यातल्या काही प्रोटीनच्या रचना छापल्या आणि त्यांवर इतरांनी पुढचं काम उभं केलं. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने तशाच एका प्रोटीनची वेगळी रचना छापली. चँग यांनी मागे जाऊन तपासलं, तर त्यांच्या प्रयोगशाळेत वापरात असलेल्या एका छोट्या संगणक प्रोग्रॅमने आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. पाच पेपर मागे घ्यावे लागले. रकान्याने केलेला घात तुमच्यासारखाच, फक्त कितीतरी मोठा. त्यांना कुणी लबाड म्हटलं नाही, कारण चूक कळताच त्यांनी ती स्वतः जगाला सांगितली.

तुमच्या बाबतीत दोन तारखा आहेत. पेपर छापून आला ती पहिली. त्या दिवशी तुम्हाला ठाऊक नव्हतं. ती चूक होती, निष्काळजीपणा म्हणा हवं तर, कारण रकान्याचं डोकं तिन्ही लेखकांपैकी कुणीच नीट वाचलं नाही. जुनी फाईल उघडली ती दुसरी. त्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक आहे. आज तुम्ही कुणाला फसवत नाही. घाबरलेल्या आहात आणि सल्ला विचारता आहात. पण त्या दुसऱ्या तारखेनंतर जितके महिने गप्प जातील, तितकी त्या चुकीची जात बदलत जाईल. कॅसच्या फाईलला तोच पेपर जसाच्या तसा जोडला, तर तो तुमचा निर्णय असेल, चूक नसेल.

आपल्याकडे या विषयाची गल्लत होते त्याला एक कारण आहे. २०१८ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी वाङ्मयचौर्याला टक्के लावले. दुसऱ्याशी जुळणारा मजकूर दहा टक्क्यांच्या आत असेल तर दंड नाही, त्यापुढे दंडाच्या पायऱ्या. नियम गरजेचे होते. पण तेव्हापासून स्टाफरूममध्ये प्रकाशनाची नीतिमत्ता म्हणजे सॉफ्टवेअरने काढलेला टक्का असंच समीकरण बसलं. तुमचा पेपर त्या कसोटीला बहुधा सहज उतरला असेल. एक वाक्यही उचललेलं नसेल आणि तरीही त्यातलं मुख्य वाक्य खरं नाही. लेखकाची जबाबदारी कुणाची वाक्यं उचलली नाहीत एवढ्यावर संपत नाही. जे छापलं त्याला तो छापल्यानंतरही बांधलेला असतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आयसीएमजेई ही आंतरराष्ट्रीय समिती लेखकत्वाच्या कसोट्या ठरवते. कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा कसून तपासणं आणि अंतिम मजकुराला संमती, या तीन कसोट्या आधीपासून होत्या. २०१३ मध्ये चौथी आली: कामाच्या कोणत्याही भागाविषयी शंका निघाली तर तिची तड लावण्याची जबाबदारी घेणं. नियम वैद्यकशास्त्राचा आहे, पण पुष्कळ विषयांतल्या जर्नलांनी तो घेतला आहे. तुम्ही आज त्या चौथ्या कसोटीवर उभ्या आहात.

आता कृतघ्नता. या शब्दाशी मला जरा थांबायचं आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक पत्रांत तो येतो.

“पेपर वाचलाय कुणी?” असं सर म्हणाले. ते बहुधा सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात दिलेले संदर्भ, मोजून बोलत असतील. पण भूजलाचे पेपर कसे वापरले जातात ते सरांनाही माहीत आहे. कुणीतरी जिल्ह्याचा आढावा लिहितं आणि तुमचे ४० स्रोत एका ओळीत टाकतं: या तालुक्यात नायट्रेटचा प्रश्न आढळला नाही. कुणी दहा वर्षांनी तिथेच काम करतं, तुमचे आकडे आधार धरतं, आणि प्रदूषण दहा वर्षांत चौपट झालं असा निष्कर्ष काढून मोकळं होतं. वाचक मोजके असले तरी ते नेमके तेच असतात जे त्या आकड्यावर पुढचं काहीतरी रचणार असतात.

आणि एक वाचक तर तुमच्या प्रयोगशाळेतच बसला आहे. तुमच्या त्या विद्यार्थ्याला तुम्ही काय सांगितलंत? पत्रात ते नाही. त्याच्या वहीत तीन विहिरींचे खरे आकडे आहेत. प्रोजेक्ट लिहिताना तो तुमचा पेपर शोधणार, त्याशी तुलना करणार आणि विचारणार, मॅडम, एवढा फरक कसा? तुम्ही गप्प राहायचं ठरवलंत तर त्याला तरी गप्प करावं लागेल, नाहीतर त्याचे आकडे बदलावे लागतील, नाहीतर त्या विहिरी प्रोजेक्टमधून गाळायला सांगावं लागेल. मूठ झाकायची ती एकट्याने झाकता येत नाही. आज सर तुम्हाला जे सांगत आहेत तेच उद्या तुम्ही त्या मुलाला सांगाल.

२०१३ मध्ये अमेरिकेत असंच झालं होतं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातल्या अभ्यासाचा भाग म्हणून कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या पेपरातले आकडे पुन्हा काढत होता. जमेनात. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाईल मागितली, त्यांनी दिली आणि त्यात सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटलेल्या निघाल्या. सरकारी कर्ज किती झालं की देशाची वाढ मंदावते यावरचा तो पेपर, आणि अनेक देशांतले राजकारणी त्याचा हवाला देत होते. मूळ निष्कर्षाबद्दल लेखक अडून राहिले, पण एक्सेलची चूक त्यांनी मान्य केली. फाईल दिली म्हणून ती सापडली. तुमच्या विद्यार्थ्यालाही तुमची फाईल द्या. दुरुस्तीच्या टिपणात त्याचे आभार माना. त्याला आयुष्यभर पुरेल असा तो धडा होईल.

सरांचं ऋण खरं आहे. ते फेडायचं असेल तर त्यांचं नाव सांभाळायला हवं आणि पत्रव्यवहाराचे लेखक म्हणून त्या पेपरवर त्यांचंच नाव पुढे आहे. चूक बाहेरच्या माणसाने काढली तर पहिला ईमेल त्यांना जाईल. चूक तुम्ही तिघांनी मिळून कळवली तर तो ईमेल येणारच नाही. सरांना हे याच भाषेत सांगा. मोबाईलवर नको, स्टाफरूममध्ये चार माणसांत नको. घरी जा. हातात तीन कागद न्या: प्रयोगशाळेच्या मूळ अहवालाची प्रत, दुरुस्त तक्ता आणि संपादकांना लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा. मसुद्यात चुकीची जबाबदारी तुम्ही घेतलेली असू द्या, कारण आकडे तुम्हीच उतरवले होते. “सर, हे आपण तिघांच्या सहीने पाठवू या, तुम्ही एकदा वाचा,” असं म्हणा आणि पंधरा दिवस द्या.

त्यांना उदाहरण लागलं तर फ्रान्सिस अरनॉल्ड यांचं द्या. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, पुढे तो प्रयोग पुन्हा जमेना आणि प्रयोगवहीतल्या नोंदीही अपुऱ्या निघाल्या. २०२० च्या जानेवारीत अरनॉल्ड यांनी पेपर मागे घेतल्याचं स्वतः जाहीर केलं, सगळ्यांची माफी मागितली आणि पेपर पाठवला तेव्हा गडबडीत होते, माझं काम नीट केलं नाही, असं उघड सांगितलं. त्यांची प्रतिष्ठा त्याने कमी झाली नाही. हा नुसता दिलासा नाही. २०१३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की पेपर मागे घ्यावा लागला की लेखकाच्या जुन्या कामाचे संदर्भही घटतात, पण चूक लेखकाने स्वतः कळवली असेल तर तशी घट दिसत नाही.

तुमच्यापुढच्या वाटा मला दिसतात त्या अशा.

गप्प राहण्याविषयी बोलून झालं. दुसरी वाट बहुतेकांना मोहात पाडते: खरे आकडे घेऊन नवा पेपर लिहायचा आणि जुन्याचा उल्लेख टाळायचा. कुणी दुखावत नाही, वर एक पेपर वाढतो. पण जुना पेपर जिथे होता तिथेच राहतो, त्याच्या शेजारी काही पाटी लागत नाही आणि वाचणाऱ्याच्या हाती दोन उलट उत्तरं येतात. ही वाट नको. नवा पेपर जरूर लिहा, पण जुना दुरुस्त झाल्यावर आणि त्यात जुन्या चुकीचा स्पष्ट उल्लेख करून.

मग उरते दुरुस्ती. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं, आठवतं? पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. लेखकाला त्याची लाज वाटत नसे, उलट कुणी हयगय केली नाही याची ती खूण होती. जर्नलची दुरुस्ती तीच आहे. मूळ पेपर तसाच राहतो, त्याला दुरुस्तीची टीप जोडली जाते आणि दोन्ही एकमेकांशी बांधले जातात. पण तुम्हाला अंधारात ठेवणार नाही: तुमच्या पेपरचा मुख्य निष्कर्षच उलटतो आहे. ‘कोप’ ही प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठी १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली संपादकांची संघटना सांगते, की पेपरचा छोटा भाग चुकला तर दुरुस्ती, आणि मोठ्या चुकीमुळे निष्कर्षांवर विसंबता येत नसेल तर पेपर मागे घेणं. तुमचे मूळ मापनाचे आकडे बरोबर आहेत, चुकलं ते एकक आणि त्यावर उभा केलेला अर्थ. संपादक दुरुस्तीवर समाधान मानतील, किंवा पेपर मागे घेऊन सुधारून पुन्हा पाठवा म्हणतील. निर्णय त्यांचा. तुम्ही पत्रात दुरुस्तीची विनंती करा आणि दुसरा निर्णय झाला तरी मान्य असल्याचं लिहा.

ते पत्र कोरडं आणि छोटं असू द्या. पेपरचं नाव आणि डीओआय, म्हणजे त्याचा ऑनलाइन ओळख-क्रमांक. चूक कुठल्या तक्त्यात, कुठल्या रकान्यात, कशी झाली. बरोबर आकडे, सगळे ४०. निष्कर्षाचं कुठलं वाक्य आता टिकत नाही आणि त्याऐवजी काय. चूक कशी आणि कधी लक्षात आली. प्रयोगशाळेचा मूळ अहवाल सोबत. क्षमायाचना एका वाक्यात पुरे.

सर नाहीच म्हणाले तर? तर पहिल्या लेखिका म्हणून तुम्ही एकट्या लिहू शकता. कुठलाही लेखक चूक कळवू शकतो. प्रत दोघांनाही पाठवा, लपून काही करू नका. संपादक सगळ्या लेखकांना विचारतील. एखादा सहमत नसेल तर तशी नोंद करूनही सूचना छापता येते. सरांना आधी सांगितलेलं असेल, वेळ दिलेला असेल, मसुदा दाखवलेला असेल, तर यात कृतघ्नता कुठे आहे ते मला दिसत नाही. त्यांना काही दिवस राग येईल. तो सोसावा लागेल, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

जर्नलच बंद पडलेलं असेल किंवा ईमेलला उत्तरच येत नसेल, हेही घडतं. २०१८ मध्ये यूजीसीने आपल्या मान्य यादीतून एका झटक्यात ४,३०५ जर्नलं काढली होती. त्यातल्या कितींना आज पत्ता असेल? असं असेल तर दुरुस्तीचं टिपण झेनोडोसारख्या खुल्या भांडारात तारखेसह ठेवा, म्हणजे निदान शोधणाऱ्याला ते सापडेल. आणि थीसिस विसरू नका. ती शोधगंगेवर, म्हणजे थीसिसच्या ऑनलाइन संग्रहात, असेल तर जर्नलपेक्षा ती वाचली जाण्याचीच शक्यता जास्त. विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाला आणि ग्रंथालयाला शुद्धिपत्र जोडण्यासाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

तिसऱ्या नावाबद्दल तुम्ही नुसता उल्लेख केलात, विचारलं काहीच नाही. पण ते मला खटकलं. एक जुनी गोष्ट सांगते. मी नोकरीत असताना एका सहकाऱ्याला आमच्या यंत्रावर काही स्पेक्ट्रा (पदार्थ ओळखायचे आलेख) काढून दिले होते. त्याने प्रेमाने माझं नाव पेपरवर घातलं आणि मला आनंद झाला. मसुदा मी चाळला, वाचला नाही. वर्षभराने परदेशातल्या एका संशोधकाने मला ईमेल केला, तिसऱ्या आकृतीतलं शिखर कशाचं आहे म्हणून. मला सांगता येईना. सहकाऱ्याकडे मूळ नोंदी उरल्या नव्हत्या. मी त्या ईमेलला उत्तर दिलं नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तो अनुत्तरित ईमेल मला आठवतो. आभाराच्या ओळीत बसणारं काम लेखकांच्या ओळीत गेलं, त्याचं ते ओझं आहे.

ही नावं का वाढतात, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. यूजीसीच्या २०१८ च्या गुणांच्या तक्त्यात दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनाहून जास्त असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३०. म्हणजे तिसरं नाव घातलं तरी पहिल्याच्या पदरातून काही जात नाही. मग नाही कोण म्हणणार, तेही विभागप्रमुखांना? तरीही माझं म्हणणं असं, की हे भांडण आत्ता काढू नका. छापल्यानंतर लेखकांची यादी बदलायची तर सगळ्यांची संमती लागते आणि नावाचा वाद एकदा पेटला की विहिरी बाजूला पडतील. दुरुस्तीच्या पत्रावर विभागप्रमुखांची संमती मागा, तेवढं पुरे. त्या निमित्ताने तरी ते पेपर वाचतील. पुढच्या पेपरला मात्र काम सुरू होण्यापूर्वीच कोण काय करणार हे एका कागदावर लिहा. पुष्कळ जर्नलं आता ‘क्रेडिट’ नावाच्या १४ भूमिकांच्या यादीतून प्रत्येक लेखकाचं काम मागतात: कल्पना, मापन, विश्लेषण, मसुदा वगैरे. ती यादी समोर ठेवली की ज्याच्यापुढे काहीच भरता येत नाही ते नाव आपोआप आभारात जातं आणि कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही. हल्ली काही मुलं मला विचारतात की एआयकडून मसुदा लिहून घेतला तर त्याचं नाव लेखकांत घालायचं का. घालता येत नाही, ‘कोप’ने २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं आहे आणि कारण तेच आहे: विचारलं तर जाब देणारं तिथे कुणी नाही. वापर केला असेल तर तो सांगायचा आणि आकडे स्वतः तपासायचे.

आणि तुमची कॅस. खोटी आशा देणार नाही. दुरुस्ती झाली तर पेपर उभा राहतो, फाईलला पेपर आणि दुरुस्ती दोन्ही जोडा. मागे घेतला गेला तर त्याचे गुण सोडून द्यावे लागतील आणि कदाचित फाईल वर्षभर पुढे जाईल. पगाराच्या पायरीत वर्षाचा फरक पडतो, घरातल्या हप्त्यांवर त्याचा परिणाम होतो, ते मला कळतं. संस्थेलाही मागे घेतलेला पेपर आवडत नाही, आता मानांकनात त्याची मोजदाद होऊ लागल्याने तर नाहीच. प्राचार्य बोलावून घेतील अशी तयारी ठेवा. त्यांच्यापुढे तुमच्याकडे तारखांचा क्रम असायला हवा. चूक कधी कळली, ग्रामपंचायतींना पत्र कधी गेलं, सरांशी कधी बोललात, संपादकांना कधी लिहिलं. सगळं एका वहीत आजपासून लिहीत चला.

शेवटी फेरतपासणीविषयी. तुमचे नमुने जुने आहेत. नायट्रेट ऋतूप्रमाणे बदलतं. युरिया, गोठे, शोषखड्डे यांचं पाण्यात उतरलेलं पावसाळ्यानंतर वेगळं दिसतं, उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की वेगळं. म्हणून १७ ठिकाणी दोनदा नमुने घ्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमाराला. विद्यार्थ्याला बरोबर न्या. बाटलीवर गाव, स्रोत, तारीख लिहा. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर एककाच्या जागी नुसतं ‘मिलिग्रॅम’ लिहून थांबू नका; ‘लिटरला मिलिग्रॅम, पूर्ण नायट्रेटच्या रूपात’ असं शाईने लिहा आणि अहवाल हातात पडला की आधी रकान्याचं डोकं वाचा. निकाल आले की सरपंचबाईंना पुन्हा एकदा फोन करा.